दोन हात, दोन पाय आणि एक लॅपटॉप

ड्रम सेट घ्यायला पैसे लागतात, ठेवायला जागा लागते आणि वाजवायला माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टी आमच्या क्वायरनं कशाबशा जमवल्याही असत्या, पण माणूस कुठून आणणार? वाजवणारे दोघे होते. एक हैदराबादला नोकरीला लागला, दुसरा पुण्याला शिकायला गेला. गुलबर्ग्यात हे असंच चालतं. हात जरा तयार झाले की ते रेल्वेत बसतात. त्यातच आपल्या मंडळानं ठरवलं की नाताळच्या कार्यक्रमासाठी ‘क्रिस्तपुराणा’तल्या काही ओव्या गाऊन रेकॉर्ड करायच्या आणि त्यांना ड्रमची साथ द्यायची. साथ करायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझ्याकडं लॅपटॉप आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीला असली कामं याच कारणानं मिळतात.

गेले तीन महिने मी हे शिकते आहे. जे कळलं ते इथं लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण घरी गाणी रेकॉर्ड करतात आणि बहुतेकांच्या गाण्यात ड्रम आला की गाण्याचा जीव जातो.

आधी हे समजून घेऊ की ड्रम प्रोग्राम करणं म्हणजे काय. कुठल्यातरी स्टुडिओत एका खऱ्या ड्रमरनं खऱ्या ड्रमवर एकेक ठोका वाजवलेला असतो. हळू, मध्यम, जोरात, असा तोच ठोका पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेला असतो. हे सगळे ठोके कॉम्प्युटरमध्ये साठवलेले असतात. आपण फक्त तीन गोष्टी सांगायच्या: कुठला ड्रम, कधी, आणि किती जोरानं. हे सांगायची भाषा म्हणजे मिडी. ती १९८३ साली बाजारात आली आणि आजही तीच चालते. तिच्यात प्रत्येक वाद्याला नंबर आहे. पायानं वाजतो तो मोठा ढोल, म्हणजे किक, ३६. स्नेअर ३८. बंद हाय-हॅट ४२, उघडी ४६. ठोक्याच्या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात आणि ती १ ते १२७ या आकड्यांत मोजतात.

सॉफ्टवेअरसाठी फार खर्च करायची गरज नाही. मी रीपर वापरते; ते ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला मिळतं. ड्रमच्या आवाजांसाठी एमटी पॉवर ड्रम किट हे मोफत प्लगिन आहे. लिनक्सवाल्यांसाठी हायड्रोजन आहे, तेही मोफत. माझा लॅपटॉप जुना आहे, उन्हाळ्यात तर तव्यासारखा तापतो, तरी एवढं काम तो करतो.

आता रीपर उघडलं की समोर चौकटींचं एक जाळं येतं. आडवी वेळ, उभी वाद्यं. ज्या चौकटीत टिचकी माराल तिथं ठोका बसतो. पाच मिनिटांत ताल तयार होतो, आणि तो ऐकला की वाटतं, शिवणाचं मशीन चाललंय. सगळे ठोके जागच्या जागी आहेत, चूक एकही नाही, आणि ऐकवत नाही.

असं का होतं हे मला शाळेतल्या एका आठवणीवरून कळलं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: लघु-गुरु-गुरु, असे चार गण. शाळेत आम्ही चाळीस जणी ते एका सुरात म्हणायचो, प्रत्येक गणावर सारखाच हिसका. वृत्त अगदी बिनचूक असायचं. पण तेच श्लोक एखादी आजी देवापुढं म्हणते तेव्हा वृत्त तेच असूनही ओळीला अर्थ येतो, कारण कुठल्या अक्षरावर वजन द्यायचं आणि कुठलं अक्षर नुसतं ओलांडून जायचं हे तिला माहीत असतं. लघु-गुरु हे जाळं झालं. म्हणणं ही व्हेलॉसिटी झाली. नवखा माणूस ड्रम प्रोग्राम करतो तेव्हा तो वृत्त लिहितो आणि म्हणायचं राहून जातं.

आमच्या घराजवळ लग्नाच्या बँडात ताशा वाजवणारे एक काका राहतात. लॅपटॉपवरचा ताल मी त्यांना ऐकवला. त्यांनी तो अर्धाच ऐकला. म्हणाले, “पोरी, याचे दोन्ही हात उजवेच हैत की!” मला वाटतं, या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकात याहून नेमकं वाक्य नसेल. माणसाचा एक हात बळकट असतो, दुसरा जरा हलका. ताशावर भरभर काड्या चालतात तेव्हा एक ठोका भरीव पडतो, पुढचा किंचित उतरता, आणि त्या चढउतारामुळंच ताशा बोलतो. काकांनी जेवणाच्या ताटावर दोन चमच्यांनी ते करून दाखवलं. सारख्या जोराचे आठ ठोके वाजवायचा त्यांनी मुद्दाम प्रयत्न केला, तर ते त्यांना जमेचनात.

म्हणून पहिली गोष्ट व्हेलॉसिटी. आमच्या ओव्यांसाठी आम्ही सहा मात्रांचा दादरा घेतला, मिनिटाला १५० मात्रा. म्हणजे एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची आणि एक आवर्तन २.४ सेकंदांचं. हाय-हॅट सहाही मात्रांवर वाजते. तिला मी ९२, ५४, ६६, ८०, ५०, ६२ अशी व्हेलॉसिटी दिली. पुढच्या आवर्तनात याच आकड्यांत तीन-चारचा फरक. हे आकडे पाठ करण्यासारखे नाहीत; पहिली मात्रा ठाम, चौथी तिच्याखालोखाल, दुसरी आणि पाचवी जवळजवळ ओठातल्या ओठात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. शिवाय चांगल्या प्लगिनमध्ये व्हेलॉसिटी बदलली की नुसता आवाज कमी-जास्त होत नाही, वेगळंच रेकॉर्डिंग वाजतं. हळू मारलेला स्नेअर हा जोरात मारलेल्या स्नेअरचा व्हॉल्यूम कमी करून मिळत नाही. कातडं वेगळं थरथरतं, खालच्या तारा वेगळ्या सळसळतात. एकच रेकॉर्डिंग त्याच जोरानं पाठोपाठ आठदा वाजलं की मशीनगनसारखं ऐकू येतं. ते टाळायला काही प्लगिन एकाच जोराची तीन-चार वेगळी रेकॉर्डिंगं आळीपाळीनं वाजवतात.

आणि मग ते बारीक ठोके, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात. स्नेअरवर २५-३० व्हेलॉसिटीचे, मुख्य ठोक्यांच्या मधे पडणारे. ते ऐकू आले असं कुणी म्हणणार नाही, पण काढून टाकले तर ताल लंगडा होतो. बोलण्यातल्या ‘बरं का’, ‘म्हणजे’ यांच्यासारखं त्यांचं काम असतं.

दादऱ्यात एक अडचण आली, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण परदेशी माहितीत ती सापडत नाही. पाश्चात्त्य ड्रमवर सहाच्या तालात पहिल्या मात्रेवर किक आणि चौथ्या मात्रेवर दणकून स्नेअर, ही सवयीची रचना. पण आपल्या दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली असते. तबल्यावर त्या भागात डग्ग्याचा घुमारा हलका होतो, ताल जणू श्वास घेतो. म्हणजे तबलजी जिथं हात सैल सोडतो, बरोबर तिथंच ड्रमर सगळ्यात मोठा ठोका मारणार! तशी साथ लावून पाहिली तर ओवी एकदम इंग्रजी कॅरलसारखी वाटायला लागली. वाईट नव्हतं, पण ती ओवी राहिली नव्हती. उपाय सोपा निघाला. चौथ्या मात्रेवर स्नेअरचा पूर्ण ठोका न देता त्याच्या कडेवर काठी टेकवल्याचा आवाज, मिडीत ३७ नंबर, दिला. ‘टक्’ असा कोरडा आवाज, घुमारा नाही. खाली राहिली आणि ड्रमही राहिला. पूर्ण स्नेअर मी फक्त शेवटच्या दोन ओव्यांत ठेवला, जिथं सगळे मिळून गातात.

ओवीनं आणखी एक गोष्ट शिकवली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट. त्यांचं पुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. अक्षरांची संख्या काटेकोर नसते, त्यामुळं गाणारा कुठं लांबवतो, कुठं आवरतो. आमच्या चालीत पहिल्या तिन्ही चरणांना दोन-दोन आवर्तनं लागतात आणि चौथा एकाच आवर्तनात संपतो. सात आवर्तनं झाली. आठवं रिकामं. एक ओवी साधारण १९ सेकंदांची, त्यातले शेवटचे सव्वादोन-अडीच सेकंद कुणीच गात नाही.

ड्रमरची फिल, म्हणजे ती टॉमवरून घरंगळत जाणारी तुकडी, कुठं टाकायची हा नवख्यांना पडणारा मोठा प्रश्न. दर चार आवर्तनांनी टाका, असं सगळे सांगतात. पण इथं कवीनंच जागा करून ठेवलेली आहे. चौथा चरण आखूड आहे तो उगीच नाही. तिथं ऐकणाऱ्याला अर्थ गिळायला वेळ मिळतो. म्हणून मी आठव्या आवर्तनाच्या पहिल्या तीन मात्रा नुसत्या जाऊ दिल्या, आवाज विरेपर्यंत, आणि उरलेल्या तीन मात्रांत छोटी फिल टाकली. तीही प्रत्येक ओवीनंतर नाही. पाचांपैकी दोनदाच.

फिल लिहिताना शरीर आठवावं लागतं. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात, हे वाक्य हास्यास्पद वाटेल, पण जाळ्यात टिचक्या मारताना तेच विसरायला होतं. हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश एकाच क्षणी काठीनं वाजवायला तीन हात लागतात. दोन्ही हात टॉमवर गेले की काठीनं वाजणारी हाय-हॅट थांबलीच पाहिजे. फार तर डाव्या पायानं तिची झाकणं मिटल्याचा ‘चिक्’ आवाज देता येतो, तो नंबर ४४. उघडी हाय-हॅट वाजली आणि पुढची बंद वाजली की आधीचा झणत्कार तिथंच तुटायला हवा. फिल संपून क्रॅश वाजते तेव्हा बहुतेक वेळा पायाखाली किकही असते, नाहीतर ती झांज हवेत लटकल्यासारखी वाटते. ऐकणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तरी तिसरा हात आला की त्याला काहीतरी खटकतं.

आता वेळेचा प्रश्न. ठोके जाळ्याच्या रेषेवर तंतोतंत बसवण्याला क्वांटाइझ म्हणतात. खरा ड्रमर रेषेवर तंतोतंत बसत नाही. पाच-दहा मिलिसेकंद मागं-पुढं होतो. दहा मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे ड्रमरपासून तीन-चार बाक मागं बसलात तर सगळा ड्रम तुम्हाला आपोआपच तेवढा उशिरा पोचतो. इतकी बारीक गोष्ट आहे ही.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक ठोका फासे टाकल्यासारखा थोडा इकडं, थोडा तिकडं सरकतो. माझं मत विचाराल तर ते बटण माणसाबद्दल अपमानकारक आहे. माणूस म्हणजे यंत्र अधिक चुका, असं त्याचं गणित आहे. २०११ साली होल्गर हेन्निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या तालातले हे बारीक फरक मोजले. त्यांना दिसलं की हे फरक सुटे-सुटे नसतात, एकमेकांशी बांधलेले असतात. वादक किंचित पुढं सरकला तर काही काळ पुढंच राहतो, मग सावकाश मागं येतो. आत्ताच्या ठोक्यात मघाच्या कितीतरी ठोक्यांची आठवण असते. ऐकणाऱ्यांना दोन्ही नमुने ऐकवले तेव्हा फाशांसारख्या फरकांपेक्षा हे बांधलेले फरक त्यांना जास्त आवडले. २०१५ साली दुसऱ्या एका गटानं जेफ पोर्कारो या नामांकित अमेरिकन ड्रमरची १९८२च्या एका गाण्यातली हाय-हॅट अशीच तपासली. तिथंही वेळेत आणि जोरात, दोन्हीत, असे दीर्घ संबंध सापडले.

मग घरी बसून काय करायचं? माऊस बाजूला ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचं. छोटा मिडी कीबोर्ड असला तर उत्तम, नसला तर लॅपटॉपच्या बटणांवरही काम होतं, फक्त बटणांना जोर कळत नाही, तो नंतर हातानं भरावा लागतो. आधी किक आणि स्नेअर, मग दुसऱ्या फेरीत हाय-हॅट. वाजवताना ओवी कानात सुरू हवी, नुसती टिकटिक नको. नंतर क्वांटाइझ करा, पण अर्धंच. रीपरमध्ये त्याचं प्रमाण ठरवता येतं, मी ५० टक्के ठेवते. ठोका रेषेकडं अर्ध्या वाटेनं जातो, घसरलेलं सावरतं आणि हाताची सवय शिल्लक राहते. आपल्या कॉलेजात तास सुरू नसताना बाक बडवणारी जी मंडळी आहेत, त्यांनी हे काम माझ्यापेक्षा चांगलं केलं असतं. त्यांना इथं जाहीर निमंत्रण.

शेवटचं तांत्रिक काम खोलीचं. प्लगिनमधला प्रत्येक ड्रम अगदी स्वच्छ असतो, जणू प्रत्येकाला वेगळ्या कपाटात ठेवलंय. खऱ्या खोलीत स्नेअरसमोरच्या माइकलाही हाय-हॅट ऐकू येते. म्हणून सगळे ड्रम एका ट्रॅकवर एकत्र करून त्यांना एकाच छोट्या खोलीचा रीव्हर्ब थोडा द्यावा. चर्चचा मोठा रीव्हर्ब ड्रमला देऊ नका, चिखल होतो. तो गाणाऱ्यांसाठी ठेवा.

हे सगळं शिकताना एक प्रश्न मात्र मनातून जात नाही. हा ट्रॅक चांगला झाला तर ड्रमरची गरज कुणाला उरेल? हा प्रश्न आपल्या लोकांना आधीही पडलेला आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात कित्येक दशकं गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि अरेंजर होते. लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ यांचे ड्रम आपण सगळ्यांनी ऐकलेत, नावं मात्र कॅसेटवर क्वचितच असायची. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं अशा वादकांशी बोलून २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. नावातच पडदा आहे. तिकडं अमेरिकेत १९८० साली रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन विकायला काढलं. १९८२ साली मुंबईचेच स्टुडिओ वादक चरणजित सिंग यांनी ड्रम मशीनच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद विरळ होत गेले आणि त्यांच्या खुर्च्यांवर प्रोग्रामर बसले. आज मी लॅपटॉपवर जे करते आहे, त्याची ती सुरुवात होती.

आमच्याकडं निदान एवढं खरं की ज्याची जागा मी घेतेय तो ड्रमर इथं नाहीच. ताशावाल्या काकांचं काम मात्र इथं आहे, आणि तेही डीजेमुळं कमी झालंय; पूर्वी लग्नसराईत त्यांना उसंत नसायची, आता तारखा रिकाम्या जातात. म्हणून मंडळापुढं मी एक गोष्ट मांडली आणि ती मान्य झाली. शेवटच्या दोन ओव्यांत ताशा प्रोग्राम करायचा नाही. काका येऊन वाजवतील, त्यांना त्यांच्या सुपारीच्या दरानं पैसे द्यायचे आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव गाणाऱ्यांच्या ओळीतच घालायचं. दर त्यांनी सांगितला तो आम्ही घासाघीस न करता मानला. एका सदस्याला खर्च जास्त वाटला, त्यावर बरीच चर्चा झाली, ती इथं नको.

मिस्सेत हा ट्रॅक वाजवायचा का, असंही काहींनी विचारलं. नाही. १९५८च्या व्हॅटिकनच्या सूचनेतच आपोआप वाजणारी वाद्यं, ग्रामोफोन, टेप यांना उपासनेत मनाई होती, आणि ती मला पटते: प्रार्थनेत गाणारा थांबला तर वाजवणाऱ्यालाही थांबता आलं पाहिजे. ट्रॅक थांबत नाही. तालमीला, कार्यक्रमाला, व्हिडिओला तो चालेल.

काकांचं रेकॉर्डिंग पुढच्या शनिवारी आहे. ताशासाठी माइक किमान दोन मीटर लांब आणि कातड्याकडं तिरपा ठेवणार आहोत, जवळ ठेवला तर आवाज फाटतो. त्यांनी एकच अट घातली आहे: कानात टिकटिक नको, गाणारी पोरगी समोर उभी पाहिजे. म्हणजे आता मला त्या दोन ओव्यांचा टेम्पो त्यांच्या हाताप्रमाणं पुन्हा बसवावा लागेल, आवर्तनागणिक एकेक खूण करून. रीपरमध्ये ते करता येतं. दोन ओव्या म्हणजे सोळा आवर्तनं, संध्याकाळभराचं काम.